नागपूरला सुट्टीवर जाताय? घरातल्या मोतीचं आणि मनीचं काय?

(मंडळाच्या हिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, शाळांना सुट्टी लागते आणि आपल्यातली बरीच कुटुंबं नागपूरची वाट धरतात. नाताळ आणि एकतीस डिसेंबर तिकडेच जातो, रजा पुरली तर संक्रांतही पदरात पडते. तिकडे बऱ्याच घरी आई-बाबा दोघंच असतात आणि सोबतीला एखादा मोती किंवा एखादी मनी. त्या जनावराचा दिवस ठरलेला असतो: सकाळी बाबांबरोबर फेरी, दुपारी उन्हात झोप, रात्री वेळेवर जेवण. मग एका रात्री आपण सगळे सहा बॅगा घेऊन दारात उभे राहतो. सुट्टीत या जनावरांवर येणारी संकटं बहुतेक दोन वाटांनी येतात, आपल्या बॅगेतून आणि उघड्या राहिलेल्या फाटकातून. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसावर ही जबाबदारी नाव घेऊन सोपवा. मुलांवर नको, आणि ‘सगळे बघतीलच’ असंही नको.

आधी बॅग. इथून नेलेला खाऊ आपण पहिल्या रात्री जमिनीवर पसरतो, आणि तो कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर असतो. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे उत्तेजक द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये ते साधारण २०० मिलिग्रॅम असतं, तर सत्तर टक्के कोको असलेल्या डार्क चॉकलेटच्या तेवढ्याच वडीत सुमारे ८००. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने मिल्क चॉकलेटची अख्खी वडी खाल्ली तर पोट बिघडेल, पण डार्क चॉकलेटची अर्धी वडी त्याच्या हृदयापर्यंत पोहोचेल. बाबांना मधुमेह म्हणून मुद्दाम डार्क नेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

त्याहून घातक आहे झायलिटॉल, साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ. शुगर-फ्री च्युइंग गम, काही पीनट बटर, काही चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांत ते असतं, आणि वेष्टनावर कधीकधी ‘बर्च शुगर’ या नावानं लिहिलेलं असतं. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी कुत्र्याची रक्तातली साखर बहुधा तासाभरात कोसळते. तोल जातो, झटके येतात. मात्रा किलोमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत गेली तर यकृत निकामी होऊ शकतं. काही गमच्या एका गोळीत जवळपास एक ग्रॅम झायलिटॉल असतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक गोळी धोक्याची. हे पदार्थ नेऊच नका असं आमचं स्पष्ट मत आहे. तिकडे कुणाचं त्यांच्यावाचून अडत नाही.

मनुका-बेदाणे घातलेलं ड्रायफ्रूट मिक्सही याच रांगेत. द्राक्षं आणि मनुकांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडतात. टार्टारिक आम्लावर संशय आहे, पण किती खाल्लं तर चालतं अशी सुरक्षित मात्रा ठरलेली नाही, म्हणून एकही नको. हिवाळ्यात आई डिंकाचे लाडू करतेच. त्यात मनुका घातल्या असतील तर तो डबा फ्रिजच्या वर राहू द्या. मॅकाडेमिया दाण्यांनी कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात. हा त्रास सहसा एक-दोन दिवसांत ओसरतो, पण घरच्यांना लकवाच झाला असं वाटून ते हादरून जातात.

बॅगेतलीच, पण खाऊ नसलेली गोष्ट म्हणजे औषधं. मनी शिंकतेय म्हणून कुणी प्रेमानं तिला पॅरासिटामॉलचा तुकडा देतं. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडणं आणि चेहरा सुजणं ही त्याची खूण. आयबुप्रोफेन कुत्र्या-मांजरांच्या पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंडं बिघडवतं. घरी आजी-आजोबा आठवड्याला घेतात ती ६०,००० युनिटची डी जीवनसत्त्वाची कॅप्सूलही लक्षात असू द्या. दहा किलोच्या कुत्र्याने एक जरी चावली तरी रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

आता स्वयंपाकघर. सावजीचा रस्सा आल्याशिवाय आपली सुट्टी पुरी होत नाही, आणि ताटातलं हाड मोतीकडे जातंच. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात. आणि नुसतं हाड द्यायचं नाही म्हणून रस्सा-पोळी कालवून देणं, हे आणखी वाईट. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्यानं ती जात नाहीत. मांजराला किलोमागे फक्त पाच ग्रॅम कांदा पुरतो, कुत्र्याला पंधरा ते तीस. त्रास तीन-चार दिवसांनी दिसतो: पांढुरक्या हिरड्या, धाप, गडद लघवी. तोवर जेवण कुणाला आठवतही नसतं. पातीचा कांदा आणि लसणाची पात घातलेल्या वांग्याच्या भरिताचंही तेच. शिवाय एवढं तेल पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग कुत्रा पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून अवघडून उभा राहतो, वारंवार ओकतो, खायला तयार होत नाही. त्याला डॉक्टरकडेच न्यावं लागतं.

द्यायचंच असेल तर मीठ-मसाला न घालता उकडलेलं गाजर, वाफवलेलं कोहळं, हाड काढलेली उकडलेली कोंबडी. वरखाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. दहा किलोच्या कुत्र्यासाठी ते साधारण पन्नास-साठ कॅलरी होतात. वीस ग्रॅमच्या एका तिळगुळाच्या लाडवात शंभराच्या आसपास असतात. तीळ विषारी नाहीत, पण आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याने गोड बोलत एकेक लाडू भरवला तर त्याचं पोट बिघडणारच. संत्र्याची एखाद-दुसरी फोड, बी काढून, कुत्र्याला चालते. साल मात्र नको: त्यातलं तेल पोटाला झोंबतं, मांजरांना तर जास्तच, आणि सालीचे तुकडे लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकतात.

संक्रांतीपर्यंत थांबणाऱ्यांसाठी मांज्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी महाल-इतवारीच्या गच्च्यांवरून ‘ओ काट’चा गलका झाला की तुटलेला दोरा अंगणात येऊन पडतोच. मांजर दोऱ्याशी खेळता खेळता तो गिळतं. त्याच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्यानं तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात सरकत राहतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होऊन चिरलं जातं. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा दोरा कधीही ओढू नका. गिळलेला भाग आत आहे तसा राहू द्या आणि मांजराला डॉक्टरकडे न्या. पतंगाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ अंगण आणि गच्ची झाडा. गोळा केलेला मांजा कात्रीने बोटभर तुकडे करून बंद पिशवीत टाका, नुसता गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, तो रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या आणि गाईंच्या पायात जातो. चक्री पेटीत बंद राहू द्या. कुत्र्याचा पंजा कापला तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं सलग दाबून धरा. मध्येमध्ये उचलून बघितलं तर रक्त थांबत नाही.

एकतीसच्या रात्रीची तयारी मात्र संध्याकाळीच करावी लागते. अंधार पडण्याआधी फेरी आणि जेवण उरकून घ्या. आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची खोली निवडा, पडदे ओढा, पंखा किंवा टीव्ही लावा, त्याचं रोजचं अंथरूण आणि पाणी तिथेच ठेवा. मांजराची शौचपेटीही आत घ्या. पट्ट्यावर घरचा फोन नंबर असू द्या, कारण घाबरलेला कुत्रा भिंत ओलांडून पळतो आणि त्याच्याच गल्लीत वाट चुकतो. जवळ येऊन चिकटला तर त्याला जवळ घ्या. धीर दिल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. भीती फार असेल तर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिन हे शांत करणारं औषध डॉक्टरांकडून आठवडाभर आधी लिहून घ्या आणि एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन परिणाम पाहून ठेवा. गॅबापेन्टिनचं माणसांसाठीचं द्रवरूप इथून नेऊ नका, त्यातही झायलिटॉल असू शकतं.

थंडीचं काय, असं काही जण विचारतील. नागपूरची दुपार उबदार असते, पण पहाट फसवते. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. लॅब्रेडॉरला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण म्हातारी, पिल्लं आणि आखूड केसांची जनावरं फरशीवर काकडतात. गोणपाटाची दुहेरी घडी आणि वर जुनी चादर पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, त्यातला कार्बन मोनॉक्साइड तुमच्याही जिवावर बेतेल. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि खाली वाकून बघा, कारण उबेसाठी मांजरं इंजिनाजवळ आणि कुत्री चाकांमागे झोपतात.

मुलांबद्दलही बोलायला हवं. वर्षातून एकदा भेटणाऱ्या नातवंडांना मोती ओळखतोच असं नाही. तो जेवत असताना, झोपलेला असताना, पलंगाखाली गेलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम घरात पाऊल टाकण्याआधी मुलांना सांगा. तो गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते, आणि ती दाबून टाकली की पुढच्या वेळी तो सरळ चावतो. कुत्रा चावला, मग तो घरचा असो की रस्त्यावरचा, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. खोल जखमेला इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. परतीचं तिकीट आलं म्हणून उरलेले डोस सोडू नका, ते इथे पूर्ण करा. जाण्याआधी मुलांना रेबीजचे दोन प्रतिबंधक डोस, सात दिवसांच्या अंतराने, द्यावेत का हे इथल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

इथला कुत्रा सोबत न्यायचा विचार असेल तर दोन-तीन आठवड्यांसाठी तो करू नये असं आम्हाला वाटतं. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या नियमांत भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत मोडतो. परत येताना मायक्रोचिप आणि इथे दिलेल्या लसीचा निघण्यापूर्वीच प्रमाणित केलेला फॉर्म लागतो, आणि तो नसला तर प्रकरण फार अवघड होतं.

विषबाधेचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, त्या मिठानेच मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. दूधही उतारा नाही. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि जनावराचं वजन किती, हे कागदावर लिहा, वेष्टन पिशवीत घाला आणि निघा. पहिल्या दोन तासांत डॉक्टर पोट रिकामं करू शकतात, नंतर त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ते आणि घराजवळचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी व रात्री कधी भेटतात, हे गेल्याबरोबर फोन करून विचारून घ्या, एकतीसच्या रात्री अकरा वाजता नव्हे.

आपण परत निघालो की घर एकदम रिकामं होतं. कुत्रा एखादा दिवस नीट जेवत नाही, ते चालतं. मांजराने मात्र पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर आई-बाबांना डॉक्टरला फोन करायला सांगा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात काही दिवसांतच चरबी साचते आणि मग ते जगवणं कठीण जातं. म्हणून विमानतळावरून निघतानाच विचारून घ्या: मनी जेवली का?

आता प्रश्न विचारा. औषधाबद्दल विचारणार असाल तर आधी जनावराचं वजन आणि वय सांगा.