31 डिसेंबरनंतर मेलेल्यांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

आज फेब्रुवारीची 28 तारीख. 1948 साली याच दिवशी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून एक गोरी पलटण चालत गेली आणि बोटीत बसली. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. स्वतंत्र भारतातून निघालेली ब्रिटिशांची ही शेवटची पलटण. आपल्या जवानांनी मानवंदना दिली, गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट दिली. तो सोहळा पुष्कळांनी सांगितलाय. मला आज बोलायचंय ते युद्ध संपल्यानंतर मेलेल्या सैनिकांबद्दल.

मागे एकदा पुण्यात होळकर पुलाजवळच्या खडकी युद्ध स्मशानभूमीत गेलो होतो. सकाळची वेळ, माळी हिरवळीवर पाणी मारत होता. एका कबरीवरची तारीख वाचून थबकलो. साल 1946. जपान तर 1945 च्या ऑगस्टमध्येच शरण आला होता! मग हा कुठल्या लढाईत गेला?

कुठल्याच नाही. ताप, अपघात, काहीही कारण असेल. पण अंगावर वर्दी होती आणि सरकारी हिशेबात युद्धाचा काळ अजून चालू होता. पहिल्या महायुद्धात तोफा थंडावल्या 11 नोव्हेंबर 1918 ला, पण ब्रिटिश कायद्यानं युद्ध संपलं 31 ऑगस्ट 1921 ला. त्या तारखेपर्यंत सेवेत असताना जो गेला, तो युद्धमृत. मग तो गोळीनं जावो, नाहीतर इन्फ्लुएंझानं. त्याची कबर युद्धकबर आयोगानं सांभाळायची. दुसऱ्या महायुद्धासाठी अशीच तारीख ठरली, 31 डिसेंबर 1947.

सैन्यातून सुटून घरी गेलेल्याला मात्र हा नियम कडक होता. जखम किंवा आजार युद्धातलाच आहे, हे दाखवावं लागे. आपल्याकडे पेन्शनीसाठी दाखले गोळा करणाऱ्यांना याची कल्पना येईल.

सॉमरसेटवाल्यांचंच बघा. त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात बिगुल. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हातही बिगुल आहेच, लाइट इन्फन्ट्रीची ती खूण. सॉमरसेटच्या बिगुलावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट आणि त्यावर 'जलालाबाद' हे नाव, अफगाणिस्तानातल्या 1842 च्या वेढ्याची आठवण. याच रेजिमेंटची दुसरी बटालियन पहिलं महायुद्धभर हिंदुस्थानात होती. युरोपात शांतता झाली, घरी जायचे वेध लागले, आणि 1919 च्या मे महिन्यात अफगाणिस्तानशी तिसरं युद्ध पेटलं. पलटण खैबरच्या तोंडाशी! हे युद्धही 1921 च्या रेषेच्या आतलं. दिल्लीच्या इंडिया गेटवर महायुद्धाबरोबर त्या अफगाण युद्धातल्या मृतांचीही नावं आहेत. जाता जाता सांगतो, बोटीची वाट बघत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत इतके गोरे सैनिक कंटाळून अर्धवेडे झाले, की इंग्रजीत वेड लागण्याला देवळालीचंच नाव चिकटलं, 'डूलॅली'.

आता 1948 कडे परत या. 1 जानेवारी उजाडला तेव्हा पहिली बटालियन अजून भारतातच होती. बोटीत चढेपर्यंत 59 दिवस. एखादा पोरगा 31 डिसेंबरच्या रात्री तापानं गेला असता तर युद्धमृत, दुसऱ्या सकाळी गेला असता तर नुसता मृत. कारकुनाला तारीख लागते हे मान्य. पण हे कुणीतरी त्याच्या आईला समजावून सांगायचं म्हणजे काय!

पुढे 1952 ते 1955 ही बटालियन मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या, जंगलात कम्युनिस्ट बंडखोरांशी लढत होती. ब्रिटिशांनी त्या लढाईला युद्ध म्हटलंच नाही, 'आणीबाणी' म्हटलं. सक्तीच्या लष्करी सेवेत आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं तिथं रबराच्या मळ्यांतून गस्त घालत होती. तिथं जे गेले ते 1947 च्या रेषेपलीकडचे. त्यांची आठवण ठेवायची ती घरच्यांनी आणि पलटणीनं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स नावाच्या शहरात, तिथल्या कॅथेड्रलमध्ये, या रेजिमेंटचं स्मारक-चॅपेल आहे. रेजिमेंट मात्र उरली नाही. 1959 साली ती आणि कॉर्नवॉलची पलटण एकत्र करून नवी रेजिमेंट केली, आणि आज तिचा वारसा 'द रायफल्स' या ब्रिटिश रेजिमेंटकडे आहे.

या रेषेपलीकडच्यांसाठी राष्ट्रीय स्मारक झालं 2007 साली. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या ऑलरवास गावी, पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाच्या भिंती. यादी सुरू होते बरोबर 1 जानेवारी 1948 पासून. 59 दिवसांचा हिशेब आपण आत्ताच केला, इथं 59 वर्षं लागली. कर्तव्य बजावताना गेलेल्यांची सोळा हजारांवर नावं तिथं कोरली आहेत. दरवर्षी 11 नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता, भिंतीतल्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते आणि मधल्या ब्रॉन्झच्या पुष्पचक्रावर पडते. अर्थात इंग्लंडातलं आभाळ मोकळं असेल तर.

त्याच भिंतींवर आणखी पंधरा हजार नावं मावतील एवढी जागा कोरी ठेवलेली आहे.

नमस्कार.