रांगेत गेलेलं वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

12 एप्रिल 2022 रोजी श्रीलंकेने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते तूर्त फेडता येणार नाहीत. कर्ज होतं सुमारे 51 अब्ज डॉलरचं. हा आकडा आपल्याला वर्तमानपत्रांतून कळला. तिथल्या बायाबापड्यांना मात्र देशाचं दिवाळं कितीतरी आधी कळलं होतं, गॅसच्या रांगेत. आज त्या रांगांबद्दलच बोलतो.

पेट्रोल, डिझेल, गॅस, औषधं, सगळं बाहेरून यायचं, डॉलर मोजून. 2019 साली ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, पाठोपाठ कोविड आला आणि पर्यटक आटले. सरकारने डॉलर 200 श्रीलंकन रुपयांच्या आसपास बांधून ठेवला, बाहेर भाव जास्त. मग आखातात राबणाऱ्यांनी घरी पैसे हुंडीने, म्हणजे बँक टाळून खासगी दलालांमार्फत, पाठवले, यात त्यांचं काय चुकलं? बँकेकडे डॉलर येईनात. वर 2019 च्या अखेरची करकपात, आणि 2021 मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी. काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली, पण तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता. शेतीत कधी पाय न बुडवलेल्यांनी घेतलेला हा निर्णय, असंच मी म्हणेन.

आता स्वयंपाकघरात चला. कोलंबोतल्या फ्लॅटमध्ये गॅस संपला. चूल पेटवावी तर धूर जायला जागा नाही. विजेच्या शेगडीवर भात लावावा तर 2022 च्या मार्चअखेरीस दिवसाला 13 तासांपर्यंत वीज गुल. रॉकेल घ्यायला गेलं की तिथेही रांग. लोक रिकामे सिलिंडर रस्त्याकडेला ओळीने लावून एकमेकांना साखळीने बांधून ठेवत. सिलिंडर रांगेत, माणूस जरा सावलीला. जगाला चहा पाजणारा हा देश, पण तिथल्या दुधाच्या चहाला लागणारी दूध पावडर बव्हंशी आयात केलेली. ती महागली तशी टपरीवर कोरा चहा मागणारे वाढले. पश्चिम प्रांतात कागदाअभावी शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या.

पेट्रोलच्या रांगांचं तर विचारूच नका. उन्हात तासन्‌तास उभी राहिलेली म्हातारी माणसं तिथेच कोसळून गेली. मार्चमध्ये पंपांवर लष्कर उभं करावं लागलं. रिक्षावाल्याचा विचार करा: टाकी भरायला दोन दिवस रांगेत, म्हणजे दोन दिवस भाडं नाही, आणि मिळालेलं पेट्रोल पुढची रांग येईपर्यंत पुरवायचं. पगारदाराची रजा जाते, रोजंदारीवाल्याची चूल विझते. ज्याच्या घरी ड्रायव्हर होता, त्याच्या वतीने ड्रायव्हर रांगेत उभा राहत असे, हेही खरं. जूनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची सुट्टी देऊन परसात भाजीपाला लावायला सांगितलं. परसच नाही त्याने काय लावायचं, हे कोणी सांगितलं नाही.

9 जुलैला लोक थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, 14 तारखेला राजीनामा पाठवला. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

पेट्रोलच्या रांगा मोडल्या त्या क्यूआर कोडने. जुलैअखेर त्या कोडवर प्रत्येक वाहनाचा आठवड्याचा कोटा ठरला: मोटारसायकलला 4 लिटर, कारला 20. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. मला हे फसवं वाटतं. सप्टेंबरात कोलंबोतली महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत जवळपास 70 टक्क्यांवर होती, अन्नधान्याची 95 टक्क्यांच्या घरात. पगार होते तेवढेच. म्हणजे दुकानात माल होता, घेणारा हात आखडत होता. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पाहणीत दर दहा घरांतली जवळपास तीन घरं पोटभर खाण्याची खात्री नसलेली निघाली. तिथे मोठी माणसं जेवण टाळत होती, ताटातून मासे आणि अंडी गेली होती. त्यासाठी कोणी रांग लावत नाही, म्हणून कॅमेरेही तिकडे फिरकले नाहीत.