फुटबॉल, पण कुठला?

(दृश्य : मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, हिवाळ्यातली संध्याकाळ)

मेलबर्नच्या ऑफिसात नव्यानं रुजू झालेल्या मराठी माणसाला लवकरच कुणीतरी विचारतं, ‘फूटीत तू कुणाचा?’ तो उत्साहानं सांगतो, ‘मँचेस्टर युनायटेड!’ विचारणारा नुसता हसतो. त्याला उत्तर हवं असतं इथल्या क्लबांपैकी एखादं, कॉलिंगवूड, नाहीतर कार्लटन.

इथला फुटबॉल लांबुळक्या चेंडूनं, अठरा-अठरा जणांनी, क्रिकेटच्याच मैदानावर खेळतात. चेंडू हातात घेऊन पळायचं, मुठीनं टोलवायचा, वेळप्रसंगी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेत झेल घ्यायचा. सगळं नियमात बसतं.

१८५८च्या जुलैत टॉम विल्स या क्रिकेटपटूनं तिथल्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं : हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग आखडू नये, म्हणून फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या मे महिन्यात मेलबर्न क्लबानं नियम कागदावर उतरवले. लंडनची फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली २६ ऑक्टोबर १८६३ला. म्हणजे नावावर हक्क सांगायचाच झाला, तर मेलबर्नकरांची बाजू काही लेचीपेची नाही.

(दृश्य : लंडनची जुनी रेखाचित्रं)

लंडनमध्ये तेव्हा वाद रंगला होता दोन गोष्टींवर. चेंडू हातात घेऊन पळावं का? आणि पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ मारावी का? लाथ बंद केली तर खेळातली मर्दुमकीच गेली, असं म्हणणारेही होते! ब्लॅकहीथ क्लब याच कारणावरून बाहेर पडला. १८७१मध्ये रग्बीवाल्यांनी आपली वेगळी युनियन केली. आता फुटबॉल दोन झाले, एक रग्बी आणि एक असोसिएशन. शब्द मोडून त्याला ‘अर’चं शेपूट लावायची खोड ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना होतीच. रग्बीचा झाला ‘रगर’, असोसिएशनमधल्या ‘soc’चा ‘सॉकर’.

ज्या शब्दावरून इंग्रज आज अमेरिकनांची टिंगल करतात, तो असा त्यांच्याच घरचा. १९६०मध्ये लंडनहून निघालेल्या मासिकाचं नाव ‘वर्ल्ड सॉकर’, आणि तेव्हा कुणाला ते खटकलं नाही. उलट अमेरिकेतली संघटना १९१३मध्ये स्थापन झाली ती ‘फुटबॉल’ नावानं. ‘सॉकर’ तिच्या नावात शिरला १९४५ला, आणि ‘फुटबॉल’ गळाला थेट १९७४ला.

आयर्लंडमध्ये बऱ्याच गावांत फुटबॉल म्हणजे गेलिक फुटबॉल, तिथला देशी खेळ. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची.

(दृश्य : ऑस्ट्रेलियाचा नकाशा)

पण खरी गंमत ऑस्ट्रेलियातच. इथं एकाच देशात नाव बदलतं. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८मध्ये नकाशावर एक काल्पनिक रेषा ओढली आणि तिला रॉन बरासी या खेळाडूचं नाव दिलं. रेषेच्या एका बाजूला मेलबर्न, ॲडलेड, पर्थ. तिथं फूटी म्हणजे अठरा जणांचा खेळ. दुसऱ्या बाजूला सिडनी, ब्रिस्बेन. तिथं फूटी म्हणजे तेरा जणांची रग्बी लीग.

या दोघांच्या रेट्यात गोल चेंडूवाले इटालियन, ग्रीक, क्रोएशियन स्थलांतरितांच्या क्लबांमधून वाढत राहिले. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००५मध्ये ‘सॉकर’ टाकून ‘फुटबॉल’ हे नाव घेतलं. राष्ट्रीय पुरुष संघाला मात्र लोक आजही ‘सॉकरूज’च म्हणतात, आणि ते बदलायचं धाडस संघटनेनंही केलेलं नाही.