आधी सरकार, मग देश

[दृश्य : रिगा, राष्ट्रीय नाट्यगृहाची दर्शनी बाजू]

लाटव्हियाचं पहिलं सरकार जाहीर झालं ते या नाट्यगृहात. तारीख 18 नोव्हेंबर 1918. पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम आठवडा झाला होता आणि रिगाच्या रस्त्यांवर अजून जर्मन सैनिकच फिरत होते.

[दृश्य : मूळ छायाचित्र, कॅमेरा हळूहळू जवळ जातो]

देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर करणाऱ्या त्या सोहळ्याचं हे एकमेव छायाचित्र. विलिस रीडझेनिएक्स यांनी टिपलेलं. मंचावर झेंडे आहेत, माणसांची दाटी आहे. अध्यक्षस्थानी गुस्ताव्स झेमगाल्स. हा मान खरा नव्या लोकपरिषदेचे अध्यक्ष यानिस चाक्स्ते यांचा, पण ते हजर नव्हते. पुढे राष्ट्रगीत झालेलं गाणं त्या दिवशी याच प्रेक्षागृहात म्हटलं गेलं.

[दृश्य : रिकामा मंच, पडदा, दिवे लागतात]

मंचावर आलं ते ठरवलेलं. ठरवण्याचं काम आदल्या दिवशी उरकलं होतं. लाटव्हियन पुढाऱ्यांचे तोवर दोन तंबू होते. एक राष्ट्रीय परिषद, 1917 साली वाल्का गावात स्थापन झालेली. तिच्या वतीनं झिगफ्रिड्स मेयरोविट्स लंडनमध्ये खटपट करत होते, आणि 11 नोव्हेंबरला ब्रिटननं तिला व्यवहारापुरती मान्यताही दिली. दुसरा तंबू रिगातल्या लोकशाही गटाचा. जर्मन अंमलाखाली राहून काम करणारा, समाजवाद्यांचं वजन असलेला. एकाकडे परदेशातली ओळख, दुसऱ्याकडे राजधानीतली माणसं. वेगवेगळं राहून दोघांचंही भागणार नव्हतं.

17 नोव्हेंबरला दोघांची मिळून लोकपरिषद झाली. आठ पक्ष, डावे आणि उजवे. बोल्शेविक मात्र बाहेर. निवडणूक झालेली नव्हती, म्हणजे या मंडळींना मतदारांनी पाठवलेलं नव्हतं. हा आक्षेप तेव्हाही होता. म्हणून त्यांनी स्वतःलाच वेसण घालून घेतली. देश प्रजासत्ताक असेल, पण राज्यघटना आम्ही लिहिणार नाही, ती निवडून आलेली संविधान सभा लिहील. त्या सभेसाठी स्त्री आणि पुरुष दोघांनाही मत, तेही गुप्त आणि थेट. अल्पसंख्याकांनाही परिषदेत जागा.

मग पंतप्रधान. नाव निघालं शेतकरी संघाच्या कार्लिस उल्मानिस यांचं.

[दृश्य : उल्मानिस यांचं छायाचित्र, तरुणपणचं]

शेतकऱ्याचा मुलगा. रशियन साम्राज्यातल्या 1905 च्या क्रांतीनंतर देश सोडावा लागला, तेव्हा अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात शेतीशास्त्र शिकला, टेक्ससमध्ये दुग्धव्यवसायही करून पाहिला. समाजवादी लोकशाही पक्षानं परिषदेत साथ दिली, मंत्रिमंडळात बसायला मात्र नकार दिला. आघाडीच्या राजकारणात हे नवं नाही! मेयरोविट्स लंडनमध्ये असतानाच परराष्ट्रमंत्री झाले.

खाती वाटून झाली. सैन्य नव्हतं, खजिना जवळपास रिकामा होता.

[दृश्य : लिएपाया बंदर, क्रेन, धक्का]

जानेवारी 1919 मध्ये बोल्शेविकांचं लाल सैन्य रिगात शिरलं आणि सरकार पश्चिमेला सरकत या बंदराच्या गावी आलं. 16 एप्रिलला इथंही उठाव झाला. तो बाल्टिक जर्मनांनी, म्हणजे इथंच पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जर्मनांनी घडवला. काही मंत्री पकडले गेले. उल्मानिस आधी ब्रिटिशांच्या आश्रयाला गेले आणि मग 'सराटोव'वर.

[दृश्य : 'सराटोव' जहाजाचं जुनं छायाचित्र]

हेच ते जहाज. ब्रिटिश युद्धनौकांच्या पहाऱ्यात ते बंदरात उभं होतं, आणि दोनेक महिने लाटव्हियाचं कायदेशीर सरकार त्यावरच होतं. किनाऱ्यावर जर्मनांनी बसवलेलं दुसरं मंत्रिमंडळ, पाण्यावर हे. जूनमध्ये सेसिसजवळ एस्टोनियन आणि लाटव्हियन सैन्यानं जर्मनांना हरवलं, मग पारडं फिरलं. 8 जुलैला 'सराटोव' रिगाच्या धक्क्याला लागलं. उल्मानिस यांनी पुन्हा मंत्रिमंडळ बांधलं, यावेळी जर्मन आणि ज्यू प्रतिनिधींनाही घेऊन.

[दृश्य : संसद भवन, मग स्वातंत्र्य स्मारक]

1920 मध्ये संविधान सभा निवडून आली, 1922 मध्ये राज्यघटना झाली आणि पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेच यानिस चाक्स्ते. 1934 मध्ये उल्मानिस यांनी स्वतःच संसद बरखास्त करून सत्ता हातात घेतली. 1940 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, आणि 1942 मध्ये ते कैदेत वारले. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर 1993 मध्ये 1922 चीच राज्यघटना पूर्णपणे पुन्हा लागू झाली. तेव्हा निवडले गेलेले राष्ट्राध्यक्ष होते गुंतिस उल्मानिस, कार्लिस यांच्या भावाचे नातू.