‘म्हणे’ आणि ‘दाखवून दिलं’

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात लालबागची एक विद्यार्थिनी मला कलिनाला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात भेटायला आली. पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय फार मोलाचा: गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका, आणि 1982 च्या संपानंतर त्यांच्या कामाचं काय झालं. शाळा मराठी माध्यमाची, प्रबंध मात्र इंग्रजीत. म्हणाली, ‘मॅडम, लिटरेचर रिव्ह्यू तिसऱ्यांदा परत आलाय. इंग्रजी सुधारा म्हणतात.’

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे आपल्या विषयावर आधी झालेल्या लेखनाचा आढावा. मी तिचा मसुदा वाचला. इंग्रजीत फारशी चूक नव्हती. पण पहिल्या पानावरची 11 वाक्यं एकाच साच्यातली होती: लेखकाचं आडनाव, कंसात साल, पुढे ‘सेज’ किंवा ‘स्टेट्स’, म्हणजे ‘म्हणतो’, आणि मग त्याचं म्हणणं. 11 जण येऊन आपापलं बोलून गेले होते. जिचा प्रबंध, तिचा आवाज कुठेच नव्हता.

मी विचारलं, ‘यातल्या तिसऱ्या लेखकाचं तुला पटतं का?’

‘नाही ना मॅडम. म्हणे संपानंतर खानावळी संपल्या. पण त्यांनी एकाही बाईला विचारलेलं नाही. आमच्या चाळीतल्या मावशी अजून डबे देतात. हा दुसरा लेख बघा, यात मुलाखती आहेत. यांनी नीट दाखवून दिलंय की काम थांबलं नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं.’

श्रोतेहो, या चार-पाच वाक्यांत तिचा आढावा तयार होता. ‘म्हणे’ या एका शब्दाने तिने त्या तिसऱ्या लेखकाच्या विधानाची जबाबदारी त्याच्यावरच सोडली. ‘दाखवून दिलंय’ म्हणून दुसऱ्या लेखाच्या पुराव्यावर विश्वास टाकला. आपण मराठीत हे दिवसभर करतो. कुणी ठासून सांगतो, कुणी सुचवतो, कुणी नाइलाजाने कबूल करतो, आणि या छटा आपल्याला पक्क्या कळतात. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच ‘सेज’. तिथेही शब्द तयार आहेत. ‘क्लेम्स’ म्हटलं की पुरावा पुरेसा वाटत नाही, हे तुम्ही सूचित करता. ‘आर्ग्यूज’मध्ये लेखक बाजू मांडतो. ‘सजेस्ट्स’मध्ये तो जपून बोलतो. ‘कन्सीड्स’ म्हणजे त्याला कबूल करावं लागलं. आणि ‘शोज’ लिहिलंत की ते तुम्हीही मान्य केलंत, मग पुढच्या पानावर त्याच्याशी भांडता येत नाही. आधी मराठीत ठरवा, हा माणूस नेमकं काय करतोय, आणि मगच क्रियापदाला हात घाला.

काळाचंही तसंच. एखाद्या अभ्यासात काय सापडलं ते साध्या भूतकाळात, ‘फाउंड’. आजवर अनेकांनी मिळून काय केलं, ते ‘हॅव स्टडीड’. लेखकाचं अजूनही टिकून असलेलं मत वर्तमानकाळात, ‘आर्ग्यूज’. सापडलं, अभ्यासलं आहे, मानतात. आपल्या कानाला यात परकं काही नाही.

मी तिला एक तक्ता आखायला सांगितला. लेखक, साल, कुणाचा अभ्यास, कोणत्या पद्धतीने, काय सापडलं. शेवटचा रकाना मात्र मराठीत भरायचा: ‘मला काय खटकलं.’ दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा त्याच रकान्यात सर्वांत जास्त मजकूर होता. एका ओळीत लिहिलं होतं, ‘गिरणीतल्या माणसांची संख्या आहे, त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांची नाही.’ दुसऱ्या ओळीत, ‘इथेही नाही.’ तिसऱ्या ओळीत, ‘परत तेच.’

तिचा परिच्छेद तिथे जन्माला आला. लेखकांची रांग मोडून आम्ही गठ्ठे केले: संपाच्या इतिहासाचा एक, असंघटित क्षेत्रातल्या स्त्रीश्रमाचा दुसरा, आणि प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या, खानावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळावरच्या लेखनाचा तिसरा. आता परिच्छेदाचं पहिलं वाक्य तिचं असतं, आणि नावं वाक्याच्या शेवटी कंसात जातात. जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने 1990 मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी प्रदेश दाखवायचा, मग त्यातली मोकळी जागा, मग आपण तिथे उभं राहायचं. तिची मोकळी जागा त्या ‘परत तेच’मध्ये होती. फक्त ‘यावर कुणीच लिहिलेलं नाही’ असं मी तिला लिहू दिलं नाही. ‘लिटल अटेन्शन हॅज बीन पेड’, म्हणजे फारसं लक्ष गेलेलं नाही, एवढंच.

वाङ्मयचौर्याची भीती मुलांच्या मनात फार असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांच्या मध्ये असेल तर विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत मसुदा सुधारून द्यावा लागतो. म्हणून मुलं मूळ वाक्य समोर ठेवून एकेक शब्द बदलत बसतात. हे मला बघवत नाही. तो लेख मिटून ठेवा, शेजारच्या मैत्रिणीला मराठीत सांगा, आणि जे सांगितलंत तेच इंग्रजीत उतरवा. वाक्य तुमचं होतं. संदर्भ मात्र द्यायचाच, कारण कल्पना त्याचीच राहते.

एक गोष्ट राहिली. तिच्या पिशवीत संपाच्या काळातली एक मराठी पुस्तिका होती, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात खानावळवाल्यांच्या थकलेल्या पैशांबद्दल दोन पानं होती. ती तिने आढाव्यात घेतलीच नव्हती. ‘इंग्रजी रिव्ह्यूमध्ये मराठी कसं चालेल?’ चालतं. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत मराठी शीर्षक रोमन लिपीत द्यायचं, त्यापुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अनुवाद. मुंबईच्या कामगारांवर लिहायचं आणि मराठी कागद बाहेर ठेवायचे, हे मला मान्यच नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन तिने आणखीही शोधलं.

ती पुस्तिका आता तिच्या आढाव्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. पुस्तिकेसाठी क्रियापद कोणतं, यावर ती बराच वेळ अडली होती. ‘सेज’ खोडलं, ‘क्लेम्स’ खोडलं. शेवटी लिहिलं, ‘रेकॉर्ड्स’. नोंदवते.

नमस्कार.