सावरणं आणि कुणाला सावरणं

श्रोतेहो, नमस्कार.

'रेझिलियन्स' हा शब्द हल्ली तुमच्या कानावर सारखा पडत असेल. मूळ लॅटिन, अर्थ उसळी मारून मागे येणं. अभियंते तो पोलादाबद्दल वापरतात: ताण दिला, ताण काढला, पोलाद मूळ आकारात आलं. १९७३ साली हॉलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने तो जंगलं आणि तळी यांच्याबद्दल वापरला. धक्का पचवून आपली घडण टिकवणं, असा त्याचा अर्थ. माणसांबद्दलही तो आता सर्रास वापरतात.

मराठीत काय म्हणाल? पाठ्यपुस्तकातली 'स्थितिस्थापकता' स्प्रिंगला शोभते, पण मोठ्या दुःखातून निघालेला माणूस पुन्हा होता तसा होत नाही. 'लवचिकता' वाकणं सांगते, उठणं सांगत नाही. 'चिवट' म्हणजे सहज न तुटणारा. 'तग धरणं' म्हणजे कसंबसं टिकणं. घरात शब्दकोश असला तर तो मुलांच्या हाताला येईल असा ठेवा बरं का. कपाटावर चढवलेला कोश कुणी उघडत नाही आणि मग आपणच म्हणतो, मुलांकडे शब्द नाहीत! असो.

माझा शब्द आहे 'सावरणं'. नीट ऐका. 'तो सावरला' असं आपण म्हणतो आणि 'तिनं त्याला सावरलं' असंही म्हणतो. सावरणं आपलं आपण होतं आणि दुसऱ्यालाही सावरता येतं. धीराचंही तसंच. धीर धरायचा असतो, तसाच द्यायचाही असतो. तग मात्र ज्याचा त्यानेच धरायचा.

ही गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून सावकाश सांगतो. हवाई बेटांमध्ये कवाई नावाचं एक बेट आहे. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांच्या नोंदी सुरू झाल्या, त्याही आईच्या गर्भारपणापासून. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी त्या मुलांना पहिल्या वर्षी भेटले, दुसऱ्या वर्षी भेटले, मग दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षीही भेटले. चाळीस वर्षं, श्रोतेहो! यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या वाट्याला फार खडतर सुरुवात आली होती: गरिबी, जन्माच्या वेळचे त्रास, घरातली भांडणं, आईला किंवा वडलांना मानसिक आजार. ही मुलं भरकटतील असं वाटणं स्वाभाविक होतं आणि त्यांतली दोन तृतीयांश अडचणीत आलीही.

पण ७२ मुलं अडचणीत आली नाहीत. ती शिकली, कामाला लागली, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या नोंदी पुन्हा चाळल्यावर काय दिसलं? त्यांतली बरीच बाळं स्वभावानं हसरी, माणसांत रमणारी होती. आणि जवळपास प्रत्येकाजवळ एक तरी मोठं माणूस होतं, जे त्या मुलाला सोडून गेलं नाही. आई किंवा वडीलच असं नाही. कुठे आजी, कुठे थोरली बहीण, कुठे शिक्षक. एक माणूस. पुन्हा सांगतो, एक तरी माणूस. शिवाय यांतल्या अनेकांवर घरात काहीतरी जबाबदारी होती, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासारखी. म्हणून माझं मत आहे की मुलांना खोटंखोटं काम देऊ नये, त्यांच्यावाचून अडेल असं काम द्यावं.

आणि अठराव्या वर्षी अडचणीत असलेली ती बाकीची मुलं? त्यांच्यातलीही बहुतेक पुढे तिशी-चाळिशीपर्यंत मार्गी लागली. कुणी पुन्हा शिकायला गेलं, कुणाला भला जोडीदार मिळाला, कुणी जिवावरच्या आजारातून उठलं. ही माणसं सावरली की त्यांना कुणी सावरलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय.

नमस्कार.