अप्रीती: एका शब्दाचा कायद्यातला प्रवास

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर १८९७ मध्ये पुण्याच्या ‘केसरी’चे संपादक बाळ गंगाधर टिळक मुंबई उच्च न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते. आरोप राजद्रोहाचा होता, आणि कायद्याने प्रस्थापित झालेल्या सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर तो खटला फिरत होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा युरोपीय ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा इतिहास पुणेकरांना पाठ आहे. मात्र तोच शब्द पुढे दुसऱ्या एका कायद्यात जाऊन बसला, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. हा कायदा परदेशातून येऊन येथे स्थायिक झालेल्या माणसांविषयीचा आहे.

अशा माणसाला सरकार आपले मानते, त्याला आपण स्वीकृत नागरिकत्व म्हणतो. इंग्रजी अमदानीत मात्र ‘नागरिक’ नव्हताच. होता तो राजाचा प्रजाजन. परक्या माणसाला प्रजाजन करून घेणाऱ्या १९२६ च्या भारतीय देशीयकरण कायद्यानुसार अर्जदाराला येथील वास्तव्य दाखवावे लागे, स्थानिक भाषेचे ज्ञान असावे लागे आणि राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. युरोप-अमेरिकेतील ज्या देशांचे कायदे भारतीयांना तेथील नागरिक होऊ देत नव्हते, त्या देशांच्या प्रजाजनांना येथेही दार बंद होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भारतातून तेथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्व नाकारले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अटीमागची सल उमगते; तिचे मला आजही कौतुक वाटते.

पण दिलेला देशीयकरणाचा दाखला परत घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. खोटी माहिती देऊन दाखला मिळवला असेल, तर तो रद्द व्हावा, हे कोणीही मान्य करील. त्यापुढचे कारण वेगळे होते: कृतीने किंवा उक्तीने बादशहाविषयी अप्रीती अथवा निष्ठाहीनता दाखवणे. हे कारण आले ते ब्रिटनमधून. तेथील १९१४ च्या मूळ कायद्यात दाखला रद्द करण्याचे कारण फसवणूक एवढेच होते. महायुद्धाच्या संतापात १९१८ साली ते कितीतरी रुंदावले गेले. १८९२ पासून ब्रिटिश प्रजाजन असलेले, लंडनच्या भुयारी रेल्वेला भांडवल पुरवणारे जर्मनवंशीय सर एडगर स्पेयर यांचा दाखला १९२१ मध्ये रद्द झाला. एवढेच नव्हे, तर अशा माणसाची पत्नी आणि अज्ञान मुले यांचेही प्रजाजनत्व काढून घेण्याचा आदेश देता येत असे.

आता आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे, नागरिकत्व काढून घेण्याविषयीचे दहावे कलम पाहावे. राजाच्या जागी राज्यघटना आली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु ‘कायद्याने प्रस्थापित’ हे शब्द आणि ‘अप्रीती’ हा शब्द तेथे आजही आहेत. जन्माने नागरिक असलेल्याला हे कलम लागू नाही. नागरिकत्व स्वीकारलेल्याला आहे. म्हणजे एकाच वाड्यात शेजारी राहणारी दोन माणसे तेच कडवट वाक्य बोलली, तर एकाचे नागरिकत्व अबाधित राहते आणि दुसऱ्याला नोटीस येऊ शकते. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना २०१६ मध्ये शेजारी देशांतून आलेल्या काही अल्पसंख्याकांचे नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार मिळाले होते. तेव्हा हा प्रश्न आपल्या शहरापासून दूरचा नाही.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. त्या व्यक्तीचे नागरिक राहणे लोकहिताचे नाही, अशी केंद्र सरकारची खात्री पटावी लागते. कारणे देणारी लेखी नोटीस द्यावी लागते. आणि सलग सात वर्षे परदेशी राहिल्याचे कारण सोडले, तर इतर कारणांसाठी चौकशी समिती मागण्याचा हक्क आहे. तिच्या अध्यक्षाने किमान दहा वर्षे न्यायिक पद भूषवलेले असले पाहिजे. या समितीच्या अहवालानुसार सरकारने ‘सामान्यतः’ चालावे, असे कलम म्हणते. हा ‘सामान्यतः’ शब्द तेथून काढावा, आणि त्याआधी ‘अप्रीती’ काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.